उज्जैनला विमान मोडायला

‘ताई, उडवून तर मी देईन. पण विमान नीट मोडणारं आमच्या उज्जैनमध्ये कोणी नाही. तुम्ही एकदा येऊन जा ना.’

मुकुंदराव पोतनिसांचा हा निरोप मी एका पेशंटची दाढ भरून झाल्यावर, हात पुसता पुसता वाचला आणि माझी सटकलीच. विमानं मोडण्यात पुण्यात माझा हात धरणारं कोणी नाही हे खरं आहे. पण परगावच्या माणसानं ते असं तोंडावर सांगायचं?

मी दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात काढते आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर बॅटरीवर चालणारी, रिमोटनं उडवायची छोटी विमानं उडवते. फोमचं हलकं अंग, नाकावर पंखा, पोटात बॅटरी आणि खाली मान वर करून उभी असलेली मी, एवढाच हा खेळ. नवरा याला ‘शिकलेल्यांचे पतंग’ म्हणतो. विमान पडलं की मात्र तोच फेविकॉल शोधून देतो, म्हणून मी त्याला फार बोलत नाही.

मुकुंदरावांची ओळख याच छंदाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची. बँकेतून निवृत्त झालेले. पूर्वज शिंद्यांच्या दरबारी पोतनिशी करायला माळव्यात गेले ते तिकडचेच झाले. खजिना गेला, आडनाव राहिलं. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असते की कुठे दूध आणि कुठे पाणी ते त्यांनाही सांगता येणार नाही. दोन-चार निरोपांची चकमक झाल्यावर कळलं, की ‘मोडणे’ म्हणजे त्यांच्याकडे वळवणे. हिंदीतलं मोड़ना.

आणि वळवणं हीच तर या खेळातली खरी मेख आहे. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर डावं ते डावं, उजवं ते उजवं. ते वळून आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की सगळं उलटं. त्यात मुकुंदरावांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं ते टाळत असलेले. ‘मला दोन विमानं दिसतात ताई,’ त्यांनी फोनवर सांगितलं, ‘आणि मी दर वेळी ते नसलेलं उडवतो.’

अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मी गेले.

नानाखेडा

इंदूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. सांगण्यासारखा होता तो माझ्या मांडीवरचा डबा. या लिथियमच्या बॅटऱ्यांना कुठे चेपलं किंवा भोसकलं तर त्या पेट घेतात, म्हणून आम्ही मंडळी त्या धातूच्या भांड्यात ठेवतो. माझ्याकडे चकल्यांचा जुना स्टीलचा डबा होता. झाकण उघडू नये म्हणून नवऱ्यानं त्यावर पांढरं फडकं घट्ट बांधून दिलं होतं. बसमध्ये शेजारच्या बाईनं त्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला खिडकीची जागा दिली. मला वाटलं, माळव्यातली माणसं स्वभावानंच गोड.

नानाखेड्याच्या बस स्टँडवर मुकुंदराव स्वतः आले होते. उंच, सडपातळ, स्वेटरवर वाळलेल्या डिंकाचे ठिपके.

‘ताई, आपण तर एकदम टाइमावर येऊन गेल्या! सामान द्या इकडे, मी पकडतो.’

मग ई-रिक्षा. ‘भिया, आगे से मोड़ लेना,’ हे रिक्षावाल्याला, आणि लगेच माझ्याकडे वळून, ‘आता इथून मोडलं की आलंच घर.’ मी रिक्षाचा दांडा घट्ट धरून ठेवला. अर्थ कळला होता, पण हातांना अजून पटला नव्हता.

त्यांच्या कॉलनीत घरांवर घरमालकांच्या नावाच्या पाट्या शोधाव्या लागतात, कारण सगळीकडे ‘होमस्टे’च्या पाट्या आहेत. महाकालाच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी अशी वाढली आहे, की ज्याच्या घरात एक खोली जास्त आहे तो पुण्यवान. आमच्या पुण्यात दारावर ‘विक्रेत्यांना मज्जाव’ लिहितात. इथे अनोळखी माणसांना आत या, झोपा, गरम पाणी मिळेल असं लिहून ठेवतात. मला हे जरा बेशिस्तच वाटलं.

दार उघडलं ते वहिनींनी. ठेंगण्या, ठसठशीत, बोलण्यात धार. पाणी दिलं, शेवेची बशी पुढे केली आणि मी पहिला घास तोंडात टाकायच्या आत म्हणाल्या, ‘बरं झालं तुम्ही आल्या. आता ह्यांची वरची खोली एकदाची खाली होईल.’

मी छताकडे पाहिलं. वरची खोली खाली? कशी? ‘जिन्यासकट?’ मी विचारलं.

वहिनी अशा हसल्या, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. खाली म्हणजे रिकामी. मला हिंदी येत नाही असं नाही, पण मराठी वाक्यात मराठीच शब्द असणार अशी माझी पुणेरी समजूत. शिवाय माझ्या धंद्यात समोरचा माणूस तोंड उघडून बसतो पण बोलू शकत नाही, त्यामुळे ऐकायची सवय तशी कमीच.

तर वरची खोली म्हणजे मुकुंदरावांचा कारखाना. वहिनींना ती यात्रेकरूंना द्यायची होती. मला वाटलं, चार पैशांसाठी असेल. तसं मी बोललेही, तर त्यांनी मला उडवून लावलं.

‘पैसे कोणाला पाहिजेत? मुलगा बंगळुरात, मुलगी जर्मनीत. वर हे, खाली मी. सकाळी वर जातात ते जेवायलाच उतरतात, आणि जेवायला बोलवायचं तर मला फोन लावावा लागतो. एकाच घरात! यात्रेकरू आले तर निदान कोणी विचारेल, की माताजी, चाय मिलेगी क्या. माणसं पाहिजेत मला घरात.’

मुकुंदराव शेवेतले दाणे निवडत बसले होते.

‘आधीची सगळी विमानं हे पहिल्याच दिवशी तोडून आले,’ वहिनी पुढे म्हणाल्या. ‘आता हे शेवटचं. ते उडलं, फिरून आलं आणि सहीसलामत खाली उतरलं, तर खोली ह्यांची. मी परत नाव काढणार नाही. नाहीतर खोली खाली.’

‘मंजूर आहे ना?’ मी मुकुंदरावांना विचारलं.

‘मंजूर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही, ताई,’ ते म्हणाले.

वर गेल्यावर मला त्या माणसाच्या जिवाची घालमेल कळली. खोलीभर सनबोर्डचे, म्हणजे फलकांच्या फोमच्या पुठ्ठ्याचे तुकडे, मोटरी, सोल्डरिंगचा वास, भिंतीवर मेलेल्या विमानांचे पंख ओळीनं टांगलेले. आणि टेबलावर ते नवं विमान. माझ्या दोन्ही हातांत मावेना एवढा पंख, आणि कडा अशा घासलेल्या की हात फिरवत राहावंसं वाटावं. सनबोर्ड कुठल्याशा सत्कार-समारंभाच्या फलकाचा होता. त्यामुळे पंखाच्या खालच्या बाजूला मोठ्या लाल अक्षरांत ‘हार्दिक स्वा’ एवढं आलं होतं. ‘गत’ आधीच्या विमानाबरोबर गेलं, असं मुकुंदराव म्हणाले.

मी दोन बोटांवर पंख तोलून पाहिलं. नाक किंचित खाली झुकून विमान स्थिर राहिलं. तोल असा, की मी इतकी वर्षं या खेळात असून माझ्या विमानांना कधी साधलेला नाही.

‘हे उडणार, मुकुंदराव,’ मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

राम घाट

सकाळी आधी देवास गेटला पोहे खाल्ले. पोह्यांवर शेव, जिरावण नावाचा चटकदार मसाला आणि शेजारी जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं आणि जिलबी लग्नात दिसते. पोहे आणि जिलबी एकाच घासात खाणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात शंका होती. तिसऱ्या घासाला ती गेली आणि मी आणखी एक प्लेट मागवली.

नव्या विमानाचं पहिलं उड्डाण, तर आधी क्षिप्रेचं दर्शन, असा वहिनींचा हुकूम होता. त्या पंच म्हणून मैदानावर येणारच होत्या. विमान त्यांनी रिक्षात चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, बारशाला निघाल्यासारखं. घाटावर त्या फुलं घ्यायला गेल्या, मुकुंदराव त्यांच्या मागे चपला राखायला, आणि मी पायरीवर डबा घेऊन बसले. बॅटऱ्या मी कोणाच्या हवाली करत नाही.

एक पंडाजी जवळ आले. आवाज एकदम हळुवार. ‘किनके हैं, बहनजी?’

‘मेरे हैं,’ मी म्हटलं.

ते थबकले. ‘नहीं... मतलब, पतिदेव के?’

‘पति ने तो बस बाँधकर दिए हैं. हैं मेरे ही.’

पंडाजींनी एक पायरी मागे घेतली. मला वाटलं, माणसाला तांत्रिक गोष्टींत रस आहे, म्हणून नीट समजावलं. ‘जल जाते हैं ना, इसलिए डिब्बे में रखने पड़ते हैं. रात में चार्ज किए, अभी बाहर ले जाकर उड़ा देंगे.’

‘उड़ा देंगे?’ पंडाजी म्हणाले. ‘नदी में नहीं?’

‘नदी में गए तो बेकार हो जाएँगे!’

तेवढ्यात फुलांची परडी घेऊन आलेल्या वहिनींनी हे शेवटचं वाक्य ऐकलं, आणि पांढऱ्या फडक्याकडे बघून त्यांना सगळा उलगडा झाला. उज्जैनला अस्थी घेऊन येणाऱ्यांची रीघ असते. बसमधल्या बाईनं मला खिडकी का दिली ते आता माझ्या डोक्यात शिरलं. वहिनी पंडाजींना बाजूला घेऊन बराच वेळ समजावत होत्या. पंडाजींनी आधी कपाळाला हात लावला आणि मग डब्यालाही लांबूनच नमस्कार केला. जाताना म्हणाले, ‘फिर भी, कभी ज़रूरत पड़े तो यहीं मिलूँगा.’ धंदा कसा करावा हे आमच्या डॉक्टरांनी यांच्याकडून शिकावं.

रिक्षात बसल्यावर वहिनींचा पदर कसल्याशा पुडीनं फुगलेला दिसला. प्रसाद असेल म्हणून मी विचारलं नाही. विमानाचं शेपूट त्यांच्या बाजूला होतं, नाक माझ्या बाजूला.

मैदान

देवळाच्या आसपास असलं काही उडवायला मनाई आहे, म्हणून आम्ही पार शहराबाहेर गेलो. सिंहस्थात जिथे तंबूंचं शहर वसतं, तिथली जमीन एरवी मोकळीच असते. कडेला हरभऱ्याची शेतं, लांब एक बाभूळ, थंडी चांगली झोंबणारी. पुण्यात आमच्या माळावर उडवायच्या आधी नियमांचा फलक वाचायचा, नाव सांगायचं, रांगेत उभं राहायचं आणि पुढच्याला दोन टोमणे मारायचे असा क्रम आहे. इथे एक म्हैस होती. ती आम्हाला काही बोलली नाही.

ठरलं असं, की विमान मुकुंदराव हातानं फेकणार, रिमोट माझ्याकडे, आणि ते माझ्या खांद्यामागे उभं राहून सूचना देणार. मी बॅटरी जोडली, पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवून पाहिल्या. तोल पुन्हा पाहिला नाही. काल बोटांवर पाहिला होता की!

‘मैदान खाली आहे ना?’ मी अगदी उज्जैनी थाटात विचारलं. एका रात्रीत मला इथली भाषा आली, याचा मला फार अभिमान वाटत होता.

मुकुंदरावांनी पळत जाऊन फेक केली. विमान गेलं ते थेट वर! नाक आकाशाकडे, पंखा किंचाळतोय, आणि मी नाक खाली यावं म्हणून रिमोटची काठी पुढे दाबून धरलेली. एवढं नाक का उचलतंय ते मला कळेना, पण उडत होतं. वारा कापत, डौलात.

‘मोडा, ताई! डावीकडे मोडा!’

मी मोडलं. काय वळलं म्हणून सांगू! एक पंख झुकवून त्यानं अख्खं मैदान कवेत घेतलं, आमच्याकडे तोंड करून आलं आणि डोक्यावरून जाताना ‘हार्दिक स्वा’ अशी लाल अक्षरं झळकली. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी टाळ्या वाजवायच्या नसतात हे त्या विसरल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी चक्क ओरडले.

आणि तेवढ्यात नाक परत वर जायला लागलं.

‘खाली!’ मुकुंदराव ओरडले. ‘ताई, खाली! खाली!’

आता हे नीट ऐका. माझी काल फजिती झाली होती. उज्जैनमध्ये खाली म्हणजे रिकामं, हे मी पाठ केलं होतं. थंडीत बॅटरी लवकर बसते, हेही मला माहीत होतं. म्हणजे बॅटरी खाली! मी झटक्यात मोटर बंद केली. म्हटलं, उरल्यासुरल्यावर तरंगत उतरवू.

नाक वर केलेल्या विमानाची मोटर बंद करणं म्हणजे चढ चढणाऱ्या सायकलवाल्याचे पाय धरणं. विमान हवेत थांबलं. एका पंखावर कललं. आणि दगडासारखं हरभऱ्यात गेलं.

म्हशीनंही मान वळवून पाहिलं.

‘ताई, मी खाली म्हणत होतो!’ मुकुंदराव धापा टाकत म्हणाले. ‘नाक खाली!’

‘मला वाटलं, बॅटरी खाली!’

‘बॅटरी कशी? मी तर मराठीत बोलत होतो! तुम्ही पुण्याच्या. म्हटलं, ऐन टाइमावर गडबड नको, म्हणून सकाळपासून मनात शुद्ध मराठी घोटून राहिलो होतो!’

‘आणि मी उज्जैनीत ऐकत होते!’

आम्ही दोघंही एकमेकांच्या सोयीसाठी आपापली भाषा सोडून दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलो होतो आणि दोन्ही घरं बंद होती. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मुकुंदराव ढेकळावर बसले. हातात चष्मा होता, पण ते तो पुसत नव्हते. त्यांची वरची खोली मी एका काठीच्या झटक्यात घालवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणाले, आणि ते फार थोडं वाटलं म्हणून परत म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं.

‘नाही, ताई. दोन्ही विमानं इतकी सुंदर मोडली ना!’

यातलं मोडणं कुठल्या भाषेतलं ते मी विचारलं नाही.

वहिनी हरभऱ्यात शिरून विमान घेऊन आल्या. एक पंख मधून दुमडलेला, शेपूट उकललेलं. त्यांनी ते आमच्यासमोर ठेवलं, तसं शेपटीच्या पोकळीतून काहीतरी निसटलं आणि घरंगळत मुकुंदरावांच्या बुटाला लागलं.

एक टपोरं लिंबू. मागोमाग काळ्या दोऱ्यात ओवलेल्या मिरच्या.

मी लिंबाकडे पाहिलं आणि मग वहिनींकडे. घाटावरची पुडी. मांडीवरचं शेपूट. नाक का उचलत होतं, ते आता समजलं. एवढ्याशा विमानाच्या शेपटीत एवढं लिंबू म्हणजे एका टोकाला हत्ती बसवलेला सीसॉ.

‘नजर लागू नये म्हणून,’ वहिनी म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. ‘तुम्ही दोघं हसाल म्हणून आत ठेवलं. ह्यांचं उडावं असं मला वाटत नव्हतं का? खोली गेली खड्ड्यात. एकदा तरी ह्यांचं धड उडू दे, असं म्हणून राहिले होते मी घाटावर.’

मुकुंदराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लिंबू उचललं, स्वेटरला पुसलं आणि खिशात टाकलं. ‘असू दे,’ म्हणाले. ‘दाल-बाफल्याबरोबर होऊन जाईल.’

जिना

दाल-बाफले हा प्रकार दुपारी खाऊ नये, खाल्ला तर नंतर कुठे जायचं ठरवू नये. कणकेचे गोळे आधी उकडतात, मग भाजतात आणि तुपात बुडवतात, आणि हे कमी वाटलं तर वहिनी वरून आणखी तूप ओततात. आम्ही तिघंही ताटात बघून जेवत होतो. पैज हरली होती, पण हरवलं पंचानंच. अशा वेळी निकाल कोणी द्यायचा?

वहिनींनीच दिला. ‘ताई, काल आल्याआल्या तुम्ही काय विचारलं होतं मला? खोली खाली म्हणजे जिन्यासकट का?’

‘चुकलं हो माझं.’

‘नाही चुकलं. तसंच करू. वरची खोली खाली. जिना सोडून.’

मुकुंदरावांचा हात ताटावरच थांबला. वहिनी बैठकीच्या खोलीकडे बघत होत्या. तिथल्या सोफ्यावरचं प्लास्टिकचं आवरण मुलीच्या लग्नापासून निघालेलं नाही, असं मुकुंदराव मला आदल्या दिवशीच म्हणाले होते.

‘सोफा देऊन टाकू कोणाला. तुमचं टेबल इथे. वर यात्रेकरू. ते येता-जाता तुमचं पाहतील, तुम्ही त्यांना सांगत बसा विमानं कशी पाडतात ते. आणि मला जेवायला फोन लावावा लागणार नाही. एक अट. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन याच महिन्यात.’

‘मंजूर,’ मुकुंदराव म्हणाले. आणि तूप मागितलं.

माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची. प्रवासी म्हणून मला त्या सकाळी बरीच देवळं पाहायची होती. त्याऐवजी मी सनबोर्ड, मोटरी आणि दिवंगत विमानांचे पंख खाली वाहून नेले. महाकालाचं दर्शन राहिलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, बोलावणं आलं तरच होतं ते. मला बोलावणं दुसऱ्याच कामासाठी आलं होतं, त्याला मी काय करणार?

सगळ्यात शेवटी उतरवायचं होतं आपलं विमान. मुकुंदरावांनी रात्रीतून पंख फेविकॉलनं सांधला होता, अजून नीट सुकायचा होता. मी ते दोन्ही हातांवर घेतलं, श्वास धरला आणि एकेक पायरी उतरायला लागले. पोतनिसांचा जिना मध्येच काटकोनात वळतो. पंख लांब, जिना अरुंद. एक टोक कठड्याला लागलं, दुसरं भिंतीला. खाली मुकुंदराव हात वर करून उभे, वर वहिनी वाकून बघतायत.

‘मोडा, ताई!’ वहिनी वरून ओरडल्या. ‘असं काय करता? मोडा ना!’

मी जिन्याच्या वळणावर जिथल्या तिथे थांबले. पंख छातीशी धरला, मान वर केली आणि विचारलं,

‘वहिनी, आधी सांगा. कुठल्या भाषेत?’